मडक्यातलं उत्तर

"...आणि एवढं सगळं करूनही माणसं विश्वास ठेवत नसतील, तर वरच्या माणसानं करायचं काय?"

निशिकांत शेवडेनं हे उघड्या दाराला विचारलं. दारात एक शेळी उभी होती. तिनं काही मत दिलं नाही.

उत्तर मागून यायचं होतं.

भैरूबुवांच्या मठाची रीतच तशी. बुवा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसतात, डोक्यावरून घोंगडी घेऊन. विचारणाऱ्यानं त्यांच्या पाठीला पाठ लावून दाराकडं तोंड करून बसायचं. मागं वळायचं नाही. आणि बुवा जे काय बोलतील, ते मांडीवरच्या रिकाम्या मडक्यात तोंड घालून बोलणार.

मडकं कशाला? तर मूळचे बुवा फार गोड गळ्याचे होते. लोक उत्तराला कमी आणि आवाजाला जास्त यायला लागले. एका बाईनं तर एकच प्रश्न सलग नऊ दिवस विचारला. दहाव्या दिवशी बुवांनी मडकं आणलं. मडक्यातून सगळ्यांचा आवाज सारखाच येतो... विहिरीत पडलेल्या माणसासारखा.

त्याला आता चार बुवा झाले. आवाज अजून तोच आहे.

निशिकांतला ही पद्धत पहिल्या भेटीतच भयंकर आवडली होती. पुण्यात कुणाला तरी त्यानं सांगितलंही होतं, की खेड्यातल्या लोकांकडं किती प्रगत व्यवस्था असतात बघा.

आज मात्र मागून काहीच येईना.

"बुवा?"

"ऐकतोय."

"मग सांगा ना."

मडकं थोडा वेळ घुमलं.

"मला नाही माहीत," मडकं म्हणालं.

निशिकांतनं घड्याळ बघितलं. अकरा. गुरुवार होता, कंपनीची सुट्टी. दीड तास गाडी चालवून तो टेकडीवर आला होता, ते हे ऐकायला नव्हे.

कंपनीचं नाव जलमान मीटर्स. नळाला बसवायचे पाण्याचे मीटर बनवायची. पन्नास वर्षं पितळी मीटर बनवले. आत सात चिमुकली चाकं, तीही हातानं बसवलेली. आता सगळीकडं प्लॅस्टिकचे मीटर मागतात, आत चिप असलेले. त्यासाठी चाकं लागत नाहीत आणि चाकं बसवणारे हातही लागत नाहीत. दोन वर्षांपूर्वी संचालकांनी निशिकांतला सीईओ म्हणून आणलं, ते हा बदल घडवून आणायला; प्लॅस्टिकचे मीटर बनवणाऱ्या एका कंपनीशी भागीदारी करून.

त्यानं घडवायला सुरुवात केली. भिंती पिवळ्या केल्या. त्यांच्यावर 'बदल म्हणजे आपणच' असं लिहून घेतलं. कामगारांना कामगार म्हणायचं बंद, 'सहप्रवासी' म्हणायचं. कँटीनमध्ये मनमोकळेपणासाठी एक पेटी ठेवली. पहिल्या महिन्यात पेटीत तीन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत आमटी पातळ असल्याचं लिहिलं होतं. एक कोरी होती. तिसरीत विचारलं होतं, पेटीला कुलूप कशाला?

आणि आता त्याच्या टेबलाच्या खणात एक यादी होती. त्रेसष्ट नावं. अख्खा पितळी विभाग. पुढच्या बुधवारी लावायची. तोपर्यंत कुणाला कळता कामा नये, कारण एका नगरपालिकेची पितळी मीटरची शेवटची मोठी ऑर्डर अजून अर्धी बाकी होती. आणि ती ह्याच त्रेसष्ट जणांच्या हातून पुरी व्हायची होती.

एवढंच होतं. आठवडाभर त्यांनी मन लावून काम करावं, आणि मग घरी जावं.

"बुवा, मला उपाय नको," निशिकांत म्हणाला. "एक वाक्य द्या. बुधवारी मला सगळ्यांसमोर बोलायचंय. असं वाक्य, की ऐकल्यावर माणूस शांत होईल."

"वाक्य नाही माझ्याकडं."

"मग लोक इथं येतात कशाला?"

"ते मलाबी एकदा विचारायचंय कुणालातरी."

निशिकांत हसला. मनातून तापला होता.

"स्पष्ट बोलू का बुवा? राग मानू नका."

"बोला की."

"तुमचं काम सोपं आहे. तुम्हाला समोरच्याचं तोंड दिसत नाही, त्याला तुमचं दिसत नाही. काहीतरी मोघम बोलायचं, माणूस नमस्कार करून जातो. माझ्याकडं साडेचारशे लोक आहेत. मला रोज तोंड दाखवावं लागतं. तुमच्या जागी मला बसवलं ना, तर मी हे डोळे मिटून करीन."

मागं जरा खुडबूड झाली. घोंगडी सरकली. पाठीला लागलेली पाठ निघाली.

"मग बसा," बुवा म्हणाले. मडक्याशिवाय त्यांचा आवाज अगदीच साधा होता, एसटीत शेजारी बसलेल्या माणसासारखा.

"म्हणजे?"

"मी बसतो तुमच्या गाडीत जरा. आतून गार वारा येतो म्हणे. कधी बसलो नाही."

निशिकांतला वाटलं गंमत आहे. पण बुवांनी हात पुढं केला होता. त्यानं किल्ली दिली. मठाच्या मागच्या बाजूला लावलेली गाडी चालू कशी करायची आणि गार वारा कुठून येतो ते दाखवून आला. फोन गाडीतच होता. गुरूकडं जाताना फोन जवळ ठेवायचा नाही, असं त्यानं दोन वर्षांपूर्वी ठरवलं होतं आणि बऱ्याच जणांना सांगितलंही होतं.

परत येऊन तो भिंतीकडं तोंड करून बसला. घोंगडी डोक्यावरून घेतली. मडकं मांडीवर घेतलं.

भिंत फार जवळ होती.

पहिला गडी आला तो बोअरचं विचारायला. शेतात बोअर मारू का नको?

निशिकांतला हायसं वाटलं. हे त्याला येत होतं.

"आधी लहान प्रमाणावर करून बघा," मडकं म्हणालं.

गडी विचारात पडला.

"बोअर लहान कसं मारायचं, बुवा?"

"...त्याचाच विचार करा."

गडी विचार करत गेला. निशिकांतला वाटलं, जमलं की. दहा मिनिटं तो भिंतीकडं बघून हसत होता.

मग पाठीला दुसरी पाठ लागली. रुंद पाठ, घामेजलेली. टेकडी चढून आलेला माणूस होता, थोडा वेळ नुसता दम खात राहिला.

"बुवा, आज वास झकास येतोय."

निशिकांतनं श्वास रोखला. सकाळी त्यानं अत्तर मारलं होतं.

"उदबत्ती बदललीसा जनू. बरं केलंसा."

हा आवाज त्याला माहीत होता. पितळी विभाग, तिसरं टेबल, खिडकीजवळ. हिंदुराव खोचरे. बावीस वर्षं चाकं बसवणारा. तयार झालेला मीटर कानाला लावून, चाकं फिरवून सांगायचा, हा खरा, हा खोटा. पाहुणे आले की निशिकांत त्यांना मुद्दाम त्याच्या टेबलापाशी न्यायचा.

यादीत एकेचाळिसावा.

"बुवा, एकच ईचारायचंय. पन जरा घाईचं हाय," हिंदुराव म्हणाला. "माजा साडू दूध संघात हाय. तितं पंपावर मिस्त्री पायजे. म्हनला, तू ये. वय बावन्न, तरी घेत्यात, साडूची वळख हाय म्हनून. पन आज एक वाजायच्या आत हो का न्हाई सांगायचं. न्हाईतर डायरेक्टरचा भाचा टपून बसलाय."

निशिकांतनं मडकं घट्ट धरलं.

"आता कंपनीत कायतरी शिजतंय. पोरं म्हनत्यात, पितळ बंद हुनार. मी म्हनलं, कशाला उगं तर्क लढवायचा? सरळ सायबांना ईचारू. शेवडे सायेब म्हनून हाईत आमचे. कँटीनात गाठलं. तर सायबांनी काय करावं? माज्या खांद्यावर हात ठेवला. हा इतं. म्हनले, हिंदुराव, तुम्ही म्हंजे कंपनीचा कान."

निशिकांतला ते आठवत होतं. खांद्यावर हात, तीन सेकंद. चार सेकंद ठेवला की समोरचा अवघडतो. एका शिबिरात शिकवलं होतं.

"आता कान काय कुनी कापून टाकतं व्हय, बुवा?" हिंदुराव हसला. त्याचं हसू निशिकांतच्या पाठीला लागलं. "पन घरात बायको म्हनती, जा साडूकडं. म्हनती, सायबाचा हात तुज्या खांद्यावर हुता, त्याचं डोळं कुटं हुतं ते बगितलंस का? आता डोळं मी कशाला बगू? मानूस चांगला हाय..."

पाठ जरा सरकली.

"तर सायबाचं खरं मानू, का साडूकडं जाऊ? तुमी सांगशीला तसं करतो. आमचा आज्जाबी तुमच्या गुरूंनाच ईचारायचा."

भिंतीवर एक मुंगी चालली होती. निशिकांत तिच्याकडं बघत राहिला.

एक शब्द होता. 'जा.' एवढाच.

पण 'जा' म्हटलं की हिंदुराव जाणार. का गेला, हे दुपारपर्यंत बासष्ट जणांना कळणार. उद्या सकाळी पितळाला कुणी हात लावणार नाही. ऑर्डर बुडणार. पुण्याहून चेअरमन सबनीस फोन करणार आणि अतिशय सभ्यपणे विचारणार, की निशिकांत, एक आठवडा गुपित राखता येऊ नये तुला? मग दोन वर्षांची मेहनत गेली, आणि खुर्चीही.

त्यानं मडक्यात तोंड घातलं. आत मातीचा वास होता, आणि कुणाच्या तरी जुन्या चहाचा.

'जा' म्हणायचंच होतं. नंतरही तो स्वतःला हेच सांगत राहिला.

"वारा सुटला म्हणून झाड चालायला लागत नाही," मडकं म्हणालं.

शेळीनं दारात अंग झाडलं.

"म्हंजे ऱ्हाऊ?"

अजून वेळ होती. बारालाही पाच कमी होते.

"...झाडानं ठरवायचं," मडकं म्हणालं.

"कळलं, बुवा!"

हिंदुरावनं मोठा श्वास सोडला. खिशातून फोन काढल्याचा आवाज आला. तिथंच बसून त्यानं नंबर लावला. निशिकांतच्या पाठीला पाठ लावून.

"साडूभाऊ? हां, म्या बोलतोय... न्हाई. न्हाई जमायचं... अवो, बुवांनीच सांगितलं! मग? ...न्हाई न्हाई, पक्कं. त्या भाच्याला सांगा, ये म्हनावं."

मागं दोन काकड्या ठेवल्याचा आवाज झाला.

"आमच्याच बांधावरच्या हाईत. कवळ्या हाईत," असं म्हणून हिंदुराव उठला. उतारावर त्याच्या चपला बराच वेळ वाजत राहिल्या. चाल हलकी झाली होती.

निशिकांत बसून राहिला. खरं सांगायचं तर त्याला फार वाईट वाटत नव्हतं. वाक्य चांगलं आलं होतं. वारा, झाड... बुधवारी चालण्यासारखं होतं. विसरण्याआधी टिपून ठेवावं म्हणून त्यानं खिसे चाचपले. मग आठवलं, फोन गाडीत आहे.

तो काकड्या घेऊन बाहेर आला.

बुवा गाडीत पुढच्या सीटवर मांडी घालून बसले होते. मुंडासं काढून ठेवलेलं, केस वाऱ्यावर उडत होते. काच खाली झाली.

"गार आहे खरं," बुवा म्हणाले. "फोन आलावता तुमचा."

"फोन? कुणाचा?"

"समोरच्या ह्याच्यावर नाव आलं. हिरवं बटन आलं. हिरवं दिसलं म्हणून दाबलं. मग सगळ्या बाजूनं माणसं बोलायला लागली."

निशिकांतनं एक काकडी त्यांच्या हातात दिली, कारण हातातलं कुठंतरी ठेवणं भाग होतं. आत बसून त्यानं स्क्रीन बघितली. सबनीस. कॉल अडतीस मिनिटांचा.

"अडतीस मिनिटं? काय बोललात तुम्ही?"

"काही नाही. हं म्हटलं."

"हं?"

"ते विचारायचे. मी हं म्हणायचो. चौघं होते. बोलायची फार हौस त्यांना." बुवांनी काकडीचा तुकडा मोडला. "एकानं विचारलं, त्रेसष्ट नावं तुला पटतात ना? हं. दुसरा म्हणाला, प्लॅस्टिकवाले ती पितळी ऑर्डरबी बाहेरून करून देतायत, मग बुधवारपर्यंत थांबायचं कशाला? आजच यादी लावू. सुट्टी आहे, गेटवर कुणी नसतं, आरडाओरडा नाही. हं."

"आज?"

"चार वाजता."

"बुवा, तुम्ही सांगायचं ना, मी निशिकांत नाही म्हणून!"

"कुणी विचारलंच नाही." बुवा काकडी चावत राहिले. "मग बराच वेळ सगळे गप्प. एकजण खाकरला. म्हणाला, निशिकांत, तुझ्याही जागेचं बोलायचं होतं. प्लॅस्टिकवाल्यांना तिथं त्यांचा माणूस हवाय. तुला वाईट वाटेल म्हणून महिनाभर आम्ही अडखळतोय..."

निशिकांतनं गाडी बंद केली. गार वारा थांबला.

"...मी म्हटलं, हं. तर सगळे एकदम बोलायला लागले. फार खूश झाले. म्हणाले, असा समंजस माणूस आम्ही बघितला नाही."

फोनवर सबनीसांचा मेसेज होता. 'आजचा तुझा संयम विसरणार नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा तू आमचं शांतपणे ऐकून घेतलंस. यादीत एक नाव वाढवून सुधारित प्रत चारला लावतो आहोत. तुझ्याकडून आम्हाला खूप शिकायला मिळालं.'

त्यानं सबनीसांना फोन लावला. वाजायला लागला तसा लगेच तोडला. काय सांगणार होता? ते बोलले ते मी नव्हतो, घोंगडीवाला बुवा होता, मी त्यावेळी मडक्यात बोलत होतो?

चौसष्ट नावं.

तो बराच वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसला. मग गाडी चालू केली.

"उतरा, बुवा. मी पुण्याला जातो. समोरासमोर बोलतो."

"फाट्यापर्यंत येतो. चालून कंटाळा आलाय."

गाडी टेकडी उतरली.

फाट्यावर बसची वाट बघत हिंदुराव उभा होता. साहेबांची गाडी ओळखून तो हात करत पुढं आला. काचेतून शेजारी बुवा दिसल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं. बुवांचं तोंड त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं. मुंडासं आणि घोंगडीशिवाय कसं ओळखलं कोण जाणे; गळ्यातल्या मठाच्या माळेवरून असेल. त्यानं खिडकीतून आत वाकून त्यांच्या गुडघ्याला हात लावला.

"सायेब, तुमीबी बुवांच्याकडं येता?" त्याला आनंद मावेना. "मग काय ईषयच मिटला. आत्ताच ईचारून आलो. बुवांनी सांगितलं म्हनून दूध संघाला न्हाई म्हनलं बगा."

बुवा समोर बघत होते.

निशिकांतनं हिंदुरावकडं बघितलं. तासाभरापूर्वी 'जा' ह्या शब्दाची किंमत एक खुर्ची होती. आता खुर्चीच नव्हती. शब्द फुकट झाला होता. आणि वर, आता खरं बोललं की सबनीसांच्या गेटवर चारला शांतता नसणार, हाही विचार आला. तो विचार गोड होता.

"हिंदुराव," तो म्हणाला, "तुमचं नाव यादीत आहे."

"कसली यादी?"

"पितळ बंद होतंय. त्रेसष्ट माणसं जातायत. चार वाजता गेटवर यादी लागेल."

हिंदुराव हसला. मग हसू तसंच राहिलं, आणि डोळे तेवढे बदलले.

"एक वाजायला अजून अवकाश आहे," निशिकांत म्हणाला. "साडूला फोन करा. आत्ता."

हिंदुरावनं फोन लावला. गडबडीत स्पीकर चालू झाला. पलीकडचा आवाज सगळ्या गाडीत आला.

"अवो पावनं, आता काय उपेग? तुमी न्हाई म्हनलासा आनि धा मिन्टात भाचा सही करून पेढं वाटून गेला. म्या खाल्ला की पेढा."

फोन बंद झाला. रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गेली.

"सायेब... तुमाला हे कधी कळलं?"

निशिकांतनं तोंड उघडलं.

"माझंही नाव आहे त्यात," तो म्हणाला. "चौसष्टावं."

हे खरं होतं.

हिंदुराव त्याच्याकडं बघतच राहिला. मग वळसा घालून तो निशिकांतच्या बाजूला आला आणि खिडकीतून हात घालून त्याचा हात धरला. दोन्ही हातांनी. चाकं बसवून बसवून बोटांची टोकं पितळेसारखी गुळगुळीत झाली होती.

"तुमचंबी? आनि तरी तुमी गाडी थांबवून मला सांगितलंसा?" त्यानं हात अजून घट्ट धरला. "सोताचं जळत असताना... बायको म्हनत हुती, डोळं बग त्या सायबाचं. आता घरी जाऊन सांगतो तिला. तुमच्यासारका मानूस न्हाई, सायेब."

निशिकांत हात सोडवून घेऊ शकला नाही. चार सेकंद झाले, दहा झाले.

मग हिंदुराव बुवांकडं वळला.

"आनि तुमी?"

बुवा काही बोलले नाहीत.

"झाड! झाड म्हनं चालत न्हाई! अरं, मी काय झाड हाय व्हय? मी तुला झाडाचं ईचारलंवतं? आमचा आज्जा तुमच्या दारात बसला, बाप बसला, म्या बसलो. तुला एवडं कळंना, मानसाच्या भाकरीचा ईचार हाय ते? न्हाई म्हाईत म्हनून सांगायचं! जीभ झडली असती?"

हिंदुरावनं खिडकीतून हात आत पसरला.

"माजी काकडी दे."

बुवांनी हातातली अर्धी काकडी दिली. हिंदुरावनं ती घेतली, एकदा बघितली, आणि रस्त्याकडेच्या चरीत फेकून दिली.

बस आली. चढताना त्यानं मागं वळून निशिकांतला हात जोडले. खिडकीत बसून परत जोडले. बस चालू झाली तेव्हा तो फोन कानाला लावून कुणाला तरी जोरजोरात सांगत होता. 'शेवडे सायबांनी सोता...' एवढं ऐकू आलं.

धूळ खाली बसली.

निशिकांतचा हात अजून खिडकीवर होता. फोन वाजायला लागला. पितळी विभागातल्या कुणाचा तरी. मग दुसऱ्या कुणाचा. मेसेज येत राहिले. 'साहेब, हिंदुरावांनी सांगितलं.' 'साहेब, तुम्ही पुढं व्हा, आम्ही तुमच्या मागं आहोत.' 'सगळे गेटवर येतोय. फक्त तुमच्या शब्दावर.'

दोन वर्षांत त्याला असा एकही मेसेज आला नव्हता.

त्यानं फोन उलटा करून ठेवला.

बुवा दार उघडून खाली उतरले. मुंडासं बांधायला लागले. उन्हात उभं राहून, सावकाश, एक एक वेढा.

"बुवा..."

"हं."

"तो सगळ्या गावाला सांगणार. मठात उद्यापासून कुणी येणार नाही."

"नाही येणार."

"वाक्य तर माझं होतं."

बुवांनी शेवटचा वेढा घातला, टोक खोचलं.

"तुम्ही एका शब्दानं म्हणायचं होतं, की मी नव्हतो," निशिकांत जवळजवळ ओरडलाच. "तो एवढं बोलत होता, शिव्या देत होता... आणि तुम्ही तोंड मिटून बसलात. का?"

बुवांनी त्याच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच, सरळ तोंडाकडं.

"तुम्ही बोलाल म्हणून जागा ठेवली होती."